चूक दर वेळी चाचांचीच कशी?

गेल्या फेब्रुवारीत माझ्या चाचांच्या खात्यातून ८७,००० रुपये गेले. उसाचं बिल जमा होऊन चार दिवस झाले होते. डाळजला आमचा दोन एकर ऊस आहे, एवढी रक्कम वर्षातून एकदाच खात्यावर दिसते. रात्री पावणेबारा ते बाराच्या दरम्यान तीन व्यवहार झाले. फोन त्यांच्या उशाशीच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भिगवणला खताच्या दुकानात पैसे द्यायला गेले, तेव्हा खात्यात पैसेच नाहीत हे कळलं. मी पुण्यात होतो. त्यांना आधी १९३० ला फोन लावायला सांगितला आणि मग गाडी काढली. दुपारी तीनला आम्ही दोघं बँकेत होतो.

शाखाधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न, "ओटीपी कुणाला सांगितला?"

"कुणालाच नाही, साहेब."

"असं कसं? सांगितल्याशिवाय पैसे जातच नाहीत." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही शिकलेले आहात. घरच्यांना समजावत जा."

बँकेचं नाव इथं लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्याही शाखेत गेलो असतो तरी पहिला प्रश्न हाच आला असता. पोलीस चौकीत तोच आला, गावात पारावर तोच आला, आणि पुण्यात माझ्या ऑफिसातल्या मित्रांनी तर विचारायचेही कष्ट घेतले नाहीत. "युजर एरर," एवढं म्हणून मोकळे झाले.

झालं होतं ते असं. दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान लाभार्थी यादी' नावाची एक फाइल आली. गावातल्याच ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून. त्याचा फोन आधीच बिघडवला गेला होता आणि तो फोनच सगळ्यांना फाइल वाटत होता, हे त्यालाही माहीत नव्हतं. ही एपीके फाइल, म्हणजे एक ॲपच. चाचांनी ती उघडली, फोननं जे विचारलं त्याला 'हो' म्हटलं. त्यानंतर येणारा प्रत्येक एसएमएस ते ॲप वाचून चोराकडे पाठवत होतं आणि चाचांपासून लपवत होतं. ओटीपी चाचांनी पाहिलाच नाही, मग सांगणार कुठून? अशीच फाइल कधी आरटीओच्या चलनाच्या नावानं येते, कधी लग्नपत्रिकेच्या.

आता माझं ऐका. मी बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीनं कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यायला एक खोटा मेल पाठवला होता, दिवाळी बोनसचा. मी त्यावर क्लिक केलं. कामाच्या गडबडीत होतो, मेल खरा वाटला. शिक्षा काय झाली? वीस मिनिटांचा व्हिडिओ बघावा लागला. चूक तीच. मला व्हिडिओ, चाचांना ८७,००० रुपये.

फरक अकलेचा नाही. माझ्यामागे सुरक्षेची एक अख्खी टीम आहे. एकानं चुकीचं बटण दाबलं तरी कंपनी बुडू नये अशी रचना त्यांनी केलीय, कारण माणूस चुकणारच हे त्यांनी धरून ठेवलंय. चाचांना ज्या रचनेत ढकललं, तिनं उलटं धरलंय की साठ वर्षांचा शेतकरी कधीच चुकणार नाही. ओटीपी एसएमएसनं पाठवायचा हे चाचांनी ठरवलेलं नाही. एसएमएस हा मार्ग कच्चा आहे हे अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्येच मसुद्यात लिहिलं होतं. वर्षभर पाच-दहा हजारांच्या वर न जाणाऱ्या खात्यातून मध्यरात्री पंधरा मिनिटांत तीन मोठे व्यवहार होतात आणि बँकेच्या यंत्रणेला काहीच वावगं वाटत नाही, हाही चाचांचा निर्णय नाही.

आणि पैसे गेले कुठं? हवेत तर नाही गेले. ते कुणाच्या तरी खात्यात गेले, ते खातं कुठल्या तरी बँकेनं उघडलं. केवायसीसाठी याच शाखेनं चाचांना तीन हेलपाटे घालायला लावले होते, आधारवर नावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं होतं म्हणून. चोराचं खातं उघडताना केवायसी कुणी पाहिली, हे मी शाखेत विचारलं. उत्तर, "ती वेगळी बँक आहे."

आता पुण्यातलीच एक गोष्ट आठवून पाहा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत चोरांनी मालवेअर घुसवलं होतं. कार्ड टाकल्यावर "पैसे द्यायचे का?" हा प्रश्न बँकेच्या खऱ्या संगणकापर्यंत पोहोचतच नव्हता, मधला खोटा संगणकच "द्या" म्हणत होता. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी स्विफ्टमार्गे हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींवर रक्कम. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयानं २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं, तेही मुख्यतः एटीएमवर जाऊन पैसे काढणारे. खातेदारांच्या पैशाला धक्का लागला नाही, हे बँकेच्या बाजूनं सांगायलाच हवं.

पण १९०६ सालची बँक, एवढी मोठी यंत्रणा, आणि तिला कुणी "अडाणी" म्हटलं का? तेव्हा सगळे म्हणाले, "अत्याधुनिक सायबर हल्ला." बँक फसली की हल्ला, शेतकरी फसला की निष्काळजीपणा.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचंही तेच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट सोडलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. डेल्टा या विमान कंपनीनं ५० कोटी डॉलरचं नुकसान सांगितलं, तर क्राउडस्ट्राइकनं करारातल्या जबाबदारीच्या मर्यादेवर बोट ठेवलं. आपण न वाचता 'मान्य आहे' म्हणतो त्या प्रत्येक करारात असंच एक कलम असतं: जसं आहे तसं घ्या, पुढचं तुमचं तुम्ही बघा. पंक्चर काढणारासुद्धा इतकं निर्लज्ज बोलत नाही. (आणि अँटिव्हायरस टाकला की झालं असं समजणाऱ्यांनी ताईत बांधणाऱ्यांना हसू नये. आमच्या मोहल्ल्यात एका फोनवर मी तीन अँटिव्हायरस पाहिलेत. फोन मात्र इतका जुना की कंपनीनं त्याला सुरक्षेचे अपडेट देणं केव्हाच बंद केलंय.)

कायदा काय म्हणतो? बहुतेकांना, आणि वाईट याचं वाटतं की शाखेतल्या कर्मचाऱ्यांनाही, हे ठाऊक नसतं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी १४ डिसेंबरला. दोष बँकेचा असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच आहे, आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तरी शून्य. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. "ओटीपी तुम्हीच दिला असणार" हे सिद्ध करणं होत नाही, तो नुसता आरोप झाला.

निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून परिपत्रकात गोपनीय माहिती दुसऱ्याला दिल्याचा उल्लेख आहे. चाचांनी कुणाला काही दिलंच नाही. बँक म्हणते, फाइल उघडली तोच निष्काळजीपणा. यावर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. ब्रिटननं तो वाद बराचसा मिटवलाय. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई मिळते, आणि तो बोजा पाठवणारी बँक व घेणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. चोराचं खातं उघडणाऱ्या बँकेच्या खिशाला चाट बसते, मग ती केवायसी नीट बघायला लागते.

आपण उलट्या दिशेनं निघालोय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, मथळे त्याचेच झाले. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा डेटा फुटला त्याला भरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. वर, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड.

माझ्या पेशातल्या मित्रांना एक सांगायचंय. आपल्यापैकी बरेच जण पहिल्या पिढीचे इंजिनिअर आहेत. आपल्या अम्मी-अब्बांना फोन आपणच घेऊन दिला, आणि काही झालं की "तुम्हाला काय कळतं" असं आपणच म्हणतो. चाचा त्या दिवशी बँकेतून परतताना एकच बोलले, "बेटा, गलती मेरीच होगी." बँकेची अर्धी लढाई इथंच जिंकून झाली होती. गेलेल्या पैशांपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं. लाजेनं गप्प बसलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांची तक्रार कुठंच नोंदली जात नाही.

चाचांची लेखी तक्रार आम्ही त्याच दिवशी दिली, पोच घेतली. बँकेचं उत्तर आलं, "ग्राहकाचा निष्काळजीपणा." पुरावा एकही नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेनं नकार दिला किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही तर ती करता येते. निकाल अजून लागलेला नाही.

दोन्ही अर्जांचा मराठी नमुना मी तयार केलाय: बँकेला द्यायचा आणि लोकपालाचा. त्याच्या प्रती भिगवणच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ठेवल्या आहेत. पहिल्या महिन्यात अकरा जण घेऊन गेले.