आधी वीज की आधी पैसे?

न्यू जर्सीतील आयसेलिन हे गाव आपल्या लोकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ओक ट्री रोडवर साडीपासून सुपारीपर्यंत सर्व काही मिळते. या गावाला लागूनच मेनलो पार्क आहे. तेथे 1879 साली थॉमस एडिसनने आपला विजेचा दिवा लोकांना दाखविला. पुढे 1882 मध्ये त्याने न्यूयॉर्क शहरात गिऱ्हाइकांना वीज पुरविण्यास प्रारंभ केला. त्या वेळचा मीटर मोठा गमतीचा होता. भांड्यात बुडविलेल्या जस्ताच्या पट्ट्या ठराविक काळाने काढून नेत, त्यांचे वजन करीत आणि त्यावरून बिल तयार होई. म्हणजे दिवा आधी जळे आणि पैसे मागाहून येत. विजेचा धंदा असा उधारीवर, अर्थात विश्वासावर उभा राहिला.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्याचे कारण असे. 2024 च्या मे महिन्यात मुलाकडे आयसेलिनला आलेले नागपूरचे एक वृद्ध जोडपे भेटले. काकांना अमेरिका पाहण्यापेक्षा घरच्या मीटरची काळजी अधिक होती. तिकडे मोबाइलप्रमाणे आधी पैसे भरावयाचे प्रीपेड मीटर घरोघर लागणार, अशी बातमी होती. काकू म्हणाल्या, “मोबाइलचे पैसे संपले तर बोलणे थांबते. विजेचे संपले तर यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, त्याचे काय?”

काकूंची शंका पोकळ नव्हती. केंद्र सरकारने 2020 च्या अखेरीस वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. त्यांतच प्रत्येक जोडणीला प्रीपेड मीटर असावा आणि अपवाद करावयाचा तर वीज आयोगाने कारण देऊन तो मंजूर करावा, असे म्हटले होते. 2021 मध्ये त्यासाठी मोठी योजना आली. महाराष्ट्रात महावितरणने दोन कोटींहून अधिक मीटरांची कंत्राटे दिली. लोकांनी, ग्राहक संघटनांनी व कामगार संघटनांनी विरोध केला. तेव्हा जून 2024 मध्ये ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर स्मार्ट मीटर बसत राहिले, पण बिल मागाहून, म्हणजे पोस्टपेड.

या वादात बहुतेक बोलणे मीटर जलद पळतो की काय आणि बिल वाढते की काय, यावर झाले. आमच्या मते खरा प्रश्न निराळा आहे. तो आहे नोटिशीचा.

भारताच्या 2003 च्या वीज कायद्याच्या 56 व्या कलमाप्रमाणे थकबाकीसाठी कोणाचीही वीज तोडावयाची तर पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एवढेच नव्हे, तर बिल चुकीचे वाटले तर मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरावी, वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. गरिबाला या पंधरा दिवसांत काय करता येते, हे सांगावयास नको. पगार होतो, भाऊ पैसे पाठवितो, कार्यालयात जाऊन हप्ते मागता येतात.

प्रीपेड मीटरपुढे हे सारे संपते. 2020 च्या त्याच नियमांत म्हटले आहे की भरलेले पैसे संपले की मीटरने आपोआप पुरवठा बंद करावा, आणि याला वीज तोडणे असे मानले जाणार नाही! घरात अंधार आहे, पंखा बंद आहे, पण वीज मात्र तोडलेली नाही. तोडलीच नाही तर नोटीस कशाची आणि दाद कोणाकडे मागावयाची? चुकीच्या आकारणीचे भांडणही मग पैसे कापले गेल्यावरच करावे लागते.

आता आयसेलिनकडे पाहा. श्रीमंत देश म्हणून तेथे विजेचे बिल थकत नाही असे नाही. पण न्यू जर्सीच्या नियमांप्रमाणे बिल भरण्यास किमान 15 दिवस आणि त्यानंतर तोडण्यापूर्वी 10 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. थकबाकीसाठी शुक्रवारी, शनिवारी वा रविवारी वीज तोडता येत नाही, कारण त्या दिवशी तक्रार ऐकावयास कोण बसले आहे? सरकारी साहाय्य घेणाऱ्या व अडचणीतील कुटुंबांना 15 नोव्हेंबर ते 15 मार्च या थंडीच्या काळात विशेष संरक्षण आहे. घरात आजारी माणूस असेल तर डॉक्टरच्या पत्रावर मुदत मिळते. ही सर्व दयाबुद्धी मागाहून येणाऱ्या बिलावर उभी आहे. शुक्रवारी पैसे संपले म्हणून थांबणाऱ्या यंत्राला वार कळत नाही आणि डॉक्टरचे पत्रही वाचता येत नाही.

प्रीपेडच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आगाऊ पैसे भरणाऱ्याकडून अनामत रक्कम मागता येत नाही, असे भारताचा कायदाच सांगतो. महाराष्ट्रात दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी अनामत ठेवावी लागते. न्यू जर्सीतही अनामतीची मर्यादा तेवढीच आहे. नव्याने आलेल्या, हाती फारसे पैसे नसलेल्या माणसाला हा भार मोठा असतो. शिवाय रोजचा खर्च डोळ्यांसमोर राहतो आणि मोठ्या बिलाचा धक्का बसत नाही. भाड्याच्या खोलीला वा वर्षातून महिनाभर उघडणाऱ्या घराला असा मीटर सोयीचाच. ज्याला हवा त्याने तो जरूर घ्यावा. परंतु निवडीचा हक्क घरमालकाचा वा कंपनीचा नसून घरात राहणाऱ्याचा असावा.

आपल्या बेटावरील कित्येकांची मुले लंडनकडे आहेत, म्हणून तिकडचा अनुभवही सांगतो. इंग्लंडमध्ये थकबाकीदारांच्या घरी सक्तीने प्रीपेड मीटर बसविले जात. वृद्ध व आजारी माणसांच्या घरांत शिरून ते बसविल्याचे 2023 च्या आरंभी वृत्तपत्रांनी उघड केले, तेव्हा ते काम थांबवावे लागले आणि पुढे कडक अटी आल्या. प्रीपेडवाल्यांना विजेचा दरही अधिक पडत असे. तो फरक जुलै 2023 पासून सरकारने दूर केला. ज्याच्यापाशी कमी त्याने आधी द्यावे आणि वर जास्तही द्यावे, हा न्याय तिकडेही लोकांना पटला नाही.

ज्यांना प्रीपेड सोडून साध्या मीटरवर यावयाचे आहे, त्यांनी आधी जुनी बाकी फेडावी. मीटरवरील आकडा व शिल्लक रक्कम यांचे छायाचित्र घ्यावे. शिल्लक कोठे वळती होणार, हे लेखी विचारावे. अनामत मागितली तर पावती जपून ठेवावी आणि ती व्याजासह केव्हा परत मिळेल, ते विचारावे. स्मार्ट मीटर असेल तर डबा न बदलता दुरूनच प्रीपेडचा पोस्टपेड करता येतो. त्याच बटणाने पोस्टपेडचा प्रीपेडही होतो, हे मात्र विसरू नये. म्हणून कागद हाती असावा.

आपल्या वाडवडिलांना या गोष्टी नव्या नव्हत्या. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आपल्या माणसांना गावचा चिनी दुकानदार तांदूळ, डाळ, तेल देई आणि कार्नेमध्ये लिहून ठेवी. पगार झाला की हिशेब होई. बाकी वाढली तर तो कुरकुर करी, क्वचित रागावेही, पण घरात मूल आजारी आहे हे त्याला ठाऊक असे. त्या वहीत आकड्यांच्या मागे माणसे होती. दुकानदाराला पैसे बुडण्याची भीती नव्हती असे नाही. तरी त्याने आधी पिशवी भरली.

विजेची उधारी फुकट वीज नव्हे. वापरलेल्या प्रत्येक युनिटचे पैसे दिलेच पाहिजेत, आणि जो ऐपत असून बुडवितो त्याची वीज जरूर तोडावी. पण तोडण्यापूर्वी एका माणसाने दुसऱ्या माणसाला तसे सांगावे, एवढेच आमचे मागणे आहे. नागपूरच्या त्या काकूंनाही याहून अधिक काही नको होते.