सोळाव्या वर्षानंतर कुठे?

त्रिग्वी ह्लिनासन या आइसलँडच्या बास्केटबॉलपटूच्या कारकिर्दीतला एकच तपशील इथे घ्यायचा आहे. तो या खेळाला लागला सोळाव्या वर्षाच्या सुमारास. त्याच्या घरची मेंढ्यांची शेती, तीही उत्तर आइसलँडमधल्या आडबाजूच्या खोऱ्यात. पुढच्या शिक्षणासाठी तो आकुरेरीला आला. जेमतेम वीस हजार वस्तीचे हे गाव. तिथल्या थॉर क्लबाने त्याला खेळायला उभे केले. २०१७ मध्ये, विशी ओलांडण्याआधीच, स्पेनच्या वालेन्सिया क्लबाने त्याच्याशी करार केला. पुढे तो बिल्बाओकडे गेला आणि त्या संघाने २०२५ मध्ये फिबा युरोप कप जिंकला.

त्याची उंची सात फूट एक इंच. त्यामुळे हे देवाचे देणे आहे, असे कुणी म्हणेल. मग त्याच्याच देशाच्या मार्टिन हेरमानसनचे काय? तो सहा फूट तीन इंचांचा. एवढ्या उंचीची मुले वाशीच्या कोणत्याही कॉलेजात सापडतील. हा हेरमानसन २०२० मध्ये अल्बा बर्लिनबरोबर जर्मनीचा विजेता झाला. आइसलँडची लोकसंख्या चार लाखही नाही. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेतच ११ लाखांहून अधिक माणसे होती. तरीही आइसलँड २०१५, २०१७ आणि २०२५ अशा तीन युरोबास्केट स्पर्धांना पात्र ठरला.

आता आपले सोळावे वर्ष पाहा. नवी मुंबईत बास्केटबॉलच्या रिंगांचा तुटवडा नाही. शाळांच्या पटांगणात त्या आहेत, मोठ्या सोसायट्यांत आहेत, बिल्डरांच्या माहितीपत्रकांत तर हमखास आहेत. दहावीपर्यंत मूल शाळेच्या संघात असते. आंतरशालेय, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढते. खेळाचे वाढीव गुण पदरात पडतात. त्यानंतर बूट माळ्यावर जातात आणि क्लासची बॅग पाठीवर येते. आइसलँडचा मुलगा ज्या वयात सुरुवात करतो, त्याच वयात आपला मुलगा निवृत्त होतो. मुलगी तर बहुधा त्याच्याही आधी.

पालकांना बोल लावणे सोपे आहे. पण त्यांचा हिशेब चुकलेला नाही. सतरा वर्षांच्या मुलाने खेळत राहायचे ठरवले, तर त्याने खेळायचे कुणाकडून? एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धा होतात, पण त्या काही दिवसांत उरकतात. एक सामना हरला की वर्ष संपले. आकुरेरीच्या मुलाला ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत दर आठवड्याला सराव आणि सामना असतो. आज हरला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरतो. खेळाडू घडतो तो या पुन्हा उतरण्यात. ते आपण कुठे ठेवले आहे?

वरून लीग आणून हे भरून निघत नाही. २०१५ मध्ये यूबीए लीग आली. तिच्यात मुंबई चॅलेंजर्स होते, पुणे पेशवाज होते. २०१७ नंतर ती थांबली. २०१९ च्या ऑक्टोबरात एनबीएचे दोन संघ वरळीच्या डोममध्ये खेळून गेले. पहिल्या सामन्याला शाळकरी मुलांनी गॅलऱ्या भरल्या होत्या. ती मुले आज विशीच्या आसपास असतील. त्यांतली किती अजून खेळतात, हा प्रश्न त्या झगमगाटापेक्षा मोठा आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली ती रेल्वेत राहून. रेल्वेचे उपकार मानलेच पाहिजेत. पण नोकरी देणारे खाते हाच जिथे खेळाडूचा संघ असतो, तिथे नोकरी लागेपर्यंतची मधली चार-पाच वर्षे कुणाचीच नसतात. गळती होते ती याच वर्षांत.

उत्तर शोधायला आइसलँडला जायची गरज नाही. खाडीपलीकडे नागपाड्यात ते कित्येक दशके उभे आहे. १९२७ मध्ये सुरू झालेले नागपाडा नेबरहूड हाऊस, मस्तान वायएमसीए, नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन. त्या दाटीवाटीच्या वस्तीने देशाला अब्बास मुंतसीर यांच्यासारखा कर्णधार दिला, १९७० च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी. तिथे पोरगा शाळा सोडतो, मैदान सोडत नाही. कामावरून परतलेली माणसे दिव्याखाली खेळतात आणि त्यांच्या कोपरांचे धक्के खातच पंधरा-सोळा वर्षांचे पोर शिकते. त्याला उद्याचा खेळाडू समोर दिसतो, शेजारच्या गल्लीत राहणारा.

नियोजनबद्ध म्हणवणाऱ्या आपल्या शहरात मात्र संध्याकाळी सात वाजता नेरूळच्या किंवा कोपरखैरण्याच्या एखाद्या शाळेच्या फाटकाशी उभे राहावे. आत आखलेले कोर्ट दिसते. रिंगेला जाळी नसते, दिवा बंद असतो, फाटकाला कुलूप. सवलतीच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या शाळांची ही पटांगणे दिवसाचे निम्म्याहून अधिक तास रिकामी पडून राहतात, आणि बाहेर फुटपाथवर अकरावीतली तीन-चार मुले मोबाइल बघत बसलेली असतात.

महापालिकेने दिव्यांचा, जाळ्यांचा आणि रखवालदाराचा खर्च उचलावा. शाळांनी सहा ते नऊ फाटक उघडावे. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली अशा प्रत्येक नोडचा खुल्या गटाचा एक मुलांचा आणि एक मुलींचा संघ असावा, आणि दिवाळीपासून मार्चपर्यंत दर रविवारी त्यांचे सामने व्हावेत. सहा नोडांची ही लीग चालवायला ना परदेशी प्रशिक्षक लागतो, ना नवे स्टेडियम. येत्या अंदाजपत्रकात तिची तरतूद दिसली पाहिजे.