वेदनेवर औषध मागण्याचा हक्क

गेल्या पावसाळ्यात कोर्टाच्या कामानिमित्त पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावी माझा मुक्काम पडला. ज्या बौद्ध कुटुंबात मी उतरलो होतो, तेथील १९ वर्षांच्या मुलास सिकलसेलचा आजार आहे. मध्यरात्री त्याच्या मांड्यांत व पाठीत असह्य कळा सुरू झाल्या. आम्ही त्यास इस्पितळात नेले. तेथे तापावर देतात तसली एक गोळी मिळाली. दोन तासांनी तो पुन्हा विव्हळू लागला तेव्हा उत्तर मिळाले, "याला इंजेक्शनची चटक लागली आहे, नाटक करतो." पहाटे त्याच्या आजीने कपाळावरून हात फिरवीत म्हटले, "मागल्या जन्मीचे भोग आहेत बाळा, भोगूनच संपवायचे."

या दोन वाक्यांनी मला लेखणी हाती घ्यावयास लावली. पहिले वाक्य वैद्यक व कायदा यांच्या अज्ञानातून आले. दुसरे, आपण ज्या धर्माचा त्याग केला त्याच्या शिकवणुकीतून आले. परिणाम मात्र एकच झाला. मुलगा सकाळपर्यंत तळमळत राहिला.

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार असून विदर्भात तो आदिवासी बांधवांत व आपल्या समाजात विशेष आढळतो. यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात आणि त्या भागास प्राणवायू मिळेनासा होतो. बाहेरून जखम दिसत नाही, परंतु कळ हाडात असते. कित्येकांच्या खुब्याचे हाड पुढे झिजते व दुखणे कायमचे सोबती बनते. अशा तीव्र कळेस सौम्य गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. तेथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फीनसारखे औषध लागते, आणि रोगी इस्पितळात आल्यापासून तासाभराच्या आत वेदनाशामक सुरू व्हावे, अशी वैद्यकशास्त्राची शिफारस आहे. कर्करोग्यांचीही गरज हीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मॉर्फीन १९७७ पासून आहे.

मग ते मिळत का नाही? मॉर्फीन अफूपासून बनते, आणि मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते. तेव्हा कच्च्या मालाची वाण आहे असे म्हणता येत नाही. अडसर कायद्याच्या अंमलबजावणीत होता. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने वैद्यकीय उपयोगास बंदी केली नव्हती. कलम ८ मध्ये तो अपवाद स्पष्ट आहे. परंतु राज्याराज्यांच्या नियमांनी निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने आवश्यक केले, आणि चूक झाल्यास किमान दहा वर्षांच्या कारावासाची धास्ती निर्माण झाली. औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणे सोडले, डॉक्टरांनी लिहिणे सोडले. पुढील बारा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. डॉक्टरांची एक पिढी ते हाताळल्यावाचूनच तयार झाली.

२०१४ साली संसदेने हा दोष दुरुस्त केला. 'अत्यावश्यक अंमली औषधे' असा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला व त्यात मॉर्फीनचा समावेश झाला. अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेली वैद्यकीय संस्था ही औषधे ठेवू शकते. शिवाय कलम ४ मध्ये, या द्रव्यांचा वैद्यकीय उपयोग सुनिश्चित करणे हेही केंद्र सरकारच्या कार्यात आले. कायदा बदलला, परंतु तालुक्याच्या इस्पितळातील भीती १९८५ सालीच थांबली आहे.

या औषधांची सवय लागते, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीपासून असली औषधे बेसुमार लिहिली गेली व मोठा अनर्थ झाला. प्रत्येक जुन्या पाठदुखीवर मॉर्फीन द्यावे असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. तथापि अतिरेकावर उपाय देखरेख हा आहे. रोग्यास तळमळत ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही. आपल्या संविधानानेही हा विवेक दाखविला आहे. अनुच्छेद ४७ राज्यास मादक द्रव्यांच्या बंदीचा आदेश देतो, पण औषधी उपयोग त्यातून वगळतो. सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका मजुराच्या प्रकरणात ठरविले. असह्य वेदनेवरील औषध त्या उपचारातून वगळावयाचे कशाच्या आधारावर?

आता आजीच्या वाक्याकडे वळू. त्या माउलीस दोष देण्याचा अधिकार मला नाही. तिने जे ऐकले तेच ती बोलली. परंतु १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, एवढाच त्या सिद्धान्ताचा उपयोग, हे त्यांनी दाखवून दिले. दुःख आहे, त्यास कारण आहे आणि ते दूर करता येते, ही आपली शिकवण होय. मुलाच्या हाडातील कळेचे कारण रक्तात आहे व औषध न मिळण्याचे कारण कारभारात आहे. दोन्ही कारणे याच जन्मातील आहेत.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, सिकलसेल तपासणीचे कार्ड व पूर्वीच्या उपचारांचे कागद सदैव जवळ बाळगा. वेदना किती आहे ते शून्य ते दहा या मापात नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. कळा वारंवार येऊ नयेत म्हणून हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांस विचारा. आपले इस्पितळ मान्यताप्राप्त संस्था आहे काय व मॉर्फीनचा साठा किती, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी विचारा. मान्यता नसल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांकडे गावच्या सह्यांनिशी अर्ज करा. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल हे अपंगत्वाच्या यादीत घातले आहे, त्याचे प्रमाणपत्र मागा.

आणि घरातील दुखणाईतास कोणी नाटकी म्हटले, तर त्याच्या शेजारी उभे राहून शांतपणे सांगा, की हा दया मागण्यास आलेला नाही. कायद्याने जे देऊ केले आहे तेच मागत आहे.