मागून खाली, पुढून वर : आक्षेप नेमका कशाला?

पिकअप ट्रकचा मागचा भाग खाली बसवायचा आणि पुढचा उचलायचा, या प्रकाराला अमेरिकेत ‘कॅरोलिना स्क्वॉट’ म्हणतात. नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ मध्ये त्याला कायद्याने मज्जाव केला. पाठोपाठ व्हर्जिनिया (२०२२), साउथ कॅरोलिना (२०२३) आणि टेनेसी (२०२४) या राज्यांनीही तेच केले. याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला मात्र उलटे घडले. मोटारी जमिनीलगत बसवण्यावर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून असलेली बंदी कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून उठवली. ‘लोरायडर’ मोटारी ही तेथील मेक्सिकन वंशाच्या नागरिकांची जुनी हौस. तिला मोकळीक आणि दक्षिणेतील तरुणांच्या हौशीला दंड, हा दुजाभाव वाटू शकतो. तो तसा नाही.

मागची बाजू खाली घेणे हे मुळात जुनेच काम आहे. बहुतेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलच्या वर पाटे असतात. ओझे वाहायचे म्हणून ही बाजू रिकामी असताना थोडी उंच ठेवलेली असते. पाट्यांची टांगणी बदलून ती इंच-दोन इंच खाली आणता येते. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली घेतले तर पाच-सहा इंचांचाही फरक पडतो. पुढची बाजूही त्याच मापात उतरवली तर चालकाला रस्ता पूर्वीसारखाच दिसतो. फार तर गतिरोधकावर पोट घासेल. तो मालकाचा प्रश्न.

‘स्क्वॉट’मध्ये गाडी तिरपी होते, आणि सगळा घोळ येथे आहे. वाळवंटी शर्यतींतील ट्रकवरून ही कल्पना आल्याचे सांगितले जाते. पण तेथे समोरून शाळकरी मुले रस्ता ओलांडत नाहीत. पुढच्या व मागच्या चाकांत १२ फुटांचे अंतर आणि उंचीत ४ इंचांचा फरक धरला, तर दिव्याचा झोत १०० फुटांवर सुमारे पावणेतीन फूट वर जातो, म्हणजे समोरच्या चालकाच्या थेट डोळ्यांत. दिवे पुन्हा जुळवता येतात. चालकापुढे भिंतीसारखे उभे राहिलेले बॉनेट मात्र कसे जुळवणार? व्हर्जिनियात फेब्रुवारी २०२२ मध्ये अशा ट्रकशी झालेल्या अपघातात एकाचा मृत्यू झाला आणि काही आठवड्यांतच तेथे कायदा आला.

म्हणूनच नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्याने उंची नव्हे, उंचीतला फरक मोजला. जमिनीपासून पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक असेल तर गुन्हा. तोही सस्पेन्शन, फ्रेम किंवा चासी बदलून फरक पाडला असेल तरच. हौद्यात विटा भरल्याने मागून दबलेला शेतकऱ्याचा ट्रक त्यातून सुटतो. कायदा करणाऱ्यांनी एवढे भान ठेवले, हे नोंदवायला हवे.

इतका उशीर का झाला, याचे उत्तर अमेरिकी व्यवस्थेत आहे. संघीय सुरक्षा कायदा उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्ती व्यावसायिकांना बांधतो. मालकाने स्वतःच्या अंगणात केलेला बदल त्याच्या कक्षेत येत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा रोख थेट मालकावर आहे. उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. अमेरिकेत ही जबाबदारी राज्यांवर येते, आणि राज्ये एका सुरात चालत नाहीत. नॉर्थ कॅरोलिनाची बंदी लागू झाल्यावरही जवळपास दोन वर्षे शेजारच्या साउथ कॅरोलिनात तोच ट्रक बिनदिक्कत फिरू शकत होता.

अंमलबजावणीचा भार रस्त्यावरच्या पोलिसावर आहे. साउथ कॅरोलिनात वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणी नाही. त्यामुळे गाडी थांबवून टेप लावण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. तेथे नोव्हेंबर २०२३ पासून पहिले सहा महिने केवळ ताकीद देण्यात आली. त्यानंतर पहिल्या खेपेस १०० डॉलर, दुसऱ्या खेपेस २०० आणि तिसऱ्या खेपेस ३०० डॉलर दंड. शिवाय तिसऱ्या वेळी वर्षभरासाठी परवाना निलंबित. दंडाची रक्कम पाहता तो भरून टाकणारे अनेक निघतील. परवाना जाण्याची धास्ती मात्र वेगळी आहे, कारण या भागात गाडीवाचून कामावर पोहोचणेच कठीण.