पानिपतची रसद आणि मसुराचे दाणे

दिवाळीच्या सुट्टीत आपा दोन्ही मुलांना घेऊन मिरजेला माहेरी आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा भाचा गल्लीतून खेळून आला आणि कुणाशी न बोलता गच्चीवर जाऊन बसला. काय झाले ते त्याच्या बहिणीने सांगितले. "मामू, मुलं मातीच्या किल्ल्यापाशी पानिपतची लढाई खेळतात. रोज यालाच अब्दाली करतात. आज हा म्हणाला, मला भाऊसाहेब व्हायचंय. तर म्हणाले, अब्दाली तुमच्यातलाच ना, मग तूच हो."

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. दहा-अकरा वर्षांची मुले जे ऐकतात तेच बोलतात. पण ज्याला ऐकावे लागते त्याला ते लागतेच. मी भाच्याला समजावत बसलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दुकानात पाठवले. दोन चार्ट पेपर, एक पट्टी आणि स्केचपेन घेऊन ये म्हटले.

या सदरात आपण घरच्या घरी करता येण्यासारखे काहीतरी पाहत असतो. यावेळी मोहिमेचा नकाशा.

टेबलावर लहान सैनिक मांडून लढाई खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. 1812 मध्ये राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन गृहस्थाने आपल्या राजासाठी असा खेळ एका मोठ्या टेबलावर तयार केला. त्याच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, 1824 मध्ये तोच खेळ कागदी नकाशावर आणला आणि त्याचे नियम छापले. पुढे तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. 1913 मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून हा खेळ घराच्या जमिनीवर आणला. त्याच पुस्तकाच्या शेवटी त्यांनी खऱ्या युद्धाविरुद्ध लिहिले आहे, हे मुद्दाम सांगतो.

या छंदात दोन प्रकार आहेत. एक म्हणजे नुसती लढाई. दोन फौजा समोरासमोर मांडायच्या आणि भिडायचे. दुसरा प्रकार मोहिमेचा. त्यात फौज कुठून निघाली, किती दिवसांत कुठे पोहोचली, नदी कुठे ओलांडली, धान्य कुठून आले, हे सगळे नकाशावर खेळायचे. गल्लीतली मुले पहिला प्रकार खेळत होती. आम्ही दुसरा घेतला.

आधी प्रमाण ठरवावे. चार्ट पेपर साधारण 56 बाय 71 सेंटिमीटरचा असतो. आम्ही एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर धरले. म्हणजे चार सेंटिमीटरचे घर दहा किलोमीटरचे झाले. तोफा, बैल आणि तंबू घेऊन चालणारी मोठी फौज दिवसाला साधारण एवढीच चालते. ॲटलास उघडून आम्ही कागदाच्या खालच्या बाजूला दिल्ली मांडली. सरळ रेषेत 85 किलोमीटरवर पानिपत, म्हणजे 34 सेंटिमीटर. त्याच्याही वर 15 सेंटिमीटरवर कुंजपुरा. दिल्लीच्या वर 13 सेंटिमीटरवर, यमुनेच्या पूर्वेला, बागपत. मग निळ्या पेनाने वरून खाली यमुना काढली. नदीने तेव्हापासून पात्र बदलले आहे, पण खेळापुरते आजचे पात्र चालते.

घरे आखताना एक युक्ती लक्षात ठेवा. साधे चौकोन आखले तर तिरके जाणारा फुकटात जास्त अंतर कापतो. विकतच्या खेळांत म्हणून षटकोन असतात. पण षटकोन आखताना मोठी माणसेही कंटाळतात. त्याऐवजी भिंतीतल्या विटांसारखी घरे आखा. एक ओळ सरळ आणि खालची ओळ अर्धे घर सरकवून. मग प्रत्येक घराला बरोबर सहा शेजारी मिळतात आणि षटकोनाचे काम पट्टीवर भागते. भाचीने ही सगळी आखणी तासाभरात केली.

सोंगट्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापले. नकाशावर पुस्तकांना घालायचे पारदर्शक कव्हर पसरले, म्हणजे कागद टिकतो. रसद म्हणून वाटीभर मसूर घेतला. फाशांना आमच्या घरात जागा नाही आणि या खेळात त्यांची गरजही पडत नाही. एका जागी भिडल्यास ज्याच्या सोंगट्या जास्त तो जागा राखतो, दुसरा एक सोंगटी गमावून मागे हटतो. नकाशे मात्र दोन काढावेत. एक सगळ्यांसमोर आणि एक पंचाकडे. खेळणारे आपली चाल कागदावर लिहून पंचाला देतात आणि शत्रू शेजारच्या घरात आला तरच पंच सांगतो. पंच म्हणून आम्ही नानीला बसवले. चष्मा लावून तिने दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या जपल्या आणि कुणालाही दाद दिली नाही.

बाकीचे नियम आम्ही असे केले. खेळ ऑक्टोबर 1760 च्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. एक डाव म्हणजे एक आठवडा. तोफांसह मुख्य फौज डावाला चार घरे चालते, हलके घोडदळ दहा. नदी ओलांडायला पूर्ण एक डाव जातो आणि समोरच्या काठावर शत्रू असेल तर ओलांडताच येत नाही. दोन्ही बाजूंना सुरुवातीला मसुराचे पंधरा दाणे. भाऊसाहेबांची छावणी डावाला तीन दाणे खाते, कारण सैनिकांबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगेही आहेत. अब्दालीची छावणी दोन खाते. मराठ्यांचा दिल्लीपर्यंतचा आणि अब्दालीचा यमुनेपलीकडच्या दुआबापर्यंतचा रस्ता मोकळा असेल तर डावाला तीन दाणे मिळतात. कुंजपुरा घेणाऱ्याला तिथल्या कोठाराचे बारा. दाणे संपले की दर डावाला एक सोंगटी उचलायची.

सोंगट्यांवर नावे लिहायला बसलो तेव्हा भाचा पहिल्यांदा नीट बोलला. मराठ्यांच्या तोफखान्याच्या सोंगटीवर मी इब्राहिमखान गारदी हे नाव सांगितले. त्याने पेन थांबवले. "हे आपल्याकडचे?" म्हटले, हो, आणि भाऊसाहेबांकडचेही. पूर्वी निजामाच्या नोकरीत असलेले, पण पानिपतात मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढलेले. जखमी होऊन पकडले गेले आणि मारले गेले. मग समशेरबहाद्दरांची सोंगटी झाली, थोरल्या बाजीरावांचे आणि मस्तानीचे पुत्र. तेही मराठ्यांकडून लढले आणि जखमांनी गेले. पलीकडे नजीबखान, शुजाउद्दौला आणि शुजाच्या फौजेतले अनूपगिरी गोसावी. सूरजमल जाटांची सोंगटी भाचीने केली, पण ते ऑगस्टमध्येच भाऊंना सोडून गेले होते, म्हणून ती कागदाच्या कडेला ठेवावी लागली. भाच्याने सगळ्या सोंगट्या दोन रांगांत लावल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

नंतर घडलेली मोहीम आम्ही एकदा बोटाने फिरवून पाहिली. भाऊ दिल्लीहून वर सरकले, 17 ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. अब्दाली तोवर यमुनेच्या पलीकडे. ऑक्टोबरअखेर तो बागपतला नदी उतरून अलीकडे आला आणि भाऊ व दिल्ली यांच्या मधे उभा राहिला. भाचीचे बोट तिथेच थांबले. "मामू, हे उलटंच झालं. दक्षिणेतून आलेले वर आहेत आणि उत्तरेतून आलेला खाली!"

मी पानिपतवर पुष्कळ ऐकले होते, शाळेत प्रश्नोत्तरेही लिहिली होती. पण ही गोष्ट माझ्याही इतकी डोळ्यांपुढे आली नव्हती. दोघांनीही एकमेकांचा घरी जायचा रस्ता अडवला होता. फरक एवढाच, की अब्दालीला दुआबातून, नजीबखानाच्या मुलखातून, धान्य मिळत होते. ते तोडायला गेलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. भाऊंच्या छावणीत लाखभर तोंडे आणि दाणा येण्याची वाट बंद. 14 जानेवारी 1761 ला ती फौज उपाशी पोटाने बाहेर पडली. लढाई एका दिवसाची होती, पण ती अडीच महिने अगोदरपासून मसुराच्या वाटीत हरत आली होती.

दोन दिवसांनी गल्लीतली तीन मुले जिन्यावरून डोकावली. नकाशा पाहिल्यावर आत आली. सगळ्यांना एकदम भाऊसाहेब व्हायचे होते. तेव्हा भाच्याने नकाशाच्या समासात, आमच्या नियमांच्या खाली, स्वतःच्या हाताने एक नियम लिहिला. "बाजू चिठ्ठी टाकून ठरेल." नानीने चिठ्ठ्या उचलल्या. भाच्याच्या वाट्याला अब्दालीच आला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्याने फक्त आपल्या सोंगट्या मोजल्या, नदीकडे पाहिले आणि पहिली चाल लिहून नानीच्या हातात दिली. पलीकडून भाऊ झालेल्या मुलाने घाईघाईत सगळी फौज कुंजपुऱ्याला नेली. दिल्लीच्या रस्त्यावर एकही सोंगटी ठेवली नाही. सहाव्या डावाला मसूर मोजताना त्याचा आवाज उतरला. "दोस्ता, माझ्या लोकांना जाऊ दे ना, बायकामुलं आहेत." भाचा विचारात पडला. नियमात तहाची तरतूदच नव्हती. मग पाचही मुलांनी वाद घालून तीही लिहिली.

नकाशा अजून आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटावर गुंडाळून ठेवला आहे. कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. समासात आता एकवीस नियम झाले आहेत. आपा परत निघाली त्या दिवशी भाच्याने दुसरा चार्ट पेपर सोबत नेला. त्याला आता उदगीरचा नकाशा काढायचा आहे.

तुमच्या घरी काढायचा असेल तर जवळचा मुलूख घ्या, एकच नदी घ्या, आणि सोंगट्यांवर नावे लिहायचे काम मुलांनाच द्या. मसूर मात्र दोन वाट्या काढून ठेवा. आमचा निम्मा पलंगाखाली गेला आणि नानी अजून त्यावरून बोलते.