खडकीला आणलेली थडगी

पुण्याजवळच्या खडकीचे नाव निघाले की १८१७ ची लढाई आणि दारूगोळ्याचा कारखाना आपणांस आठवतो. त्याच खडकीत महायुद्धांतील सैनिकांची एक शांत दफनभूमी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पश्चिम व मध्य हिंदुस्थानात जे राष्ट्रकुलीय सैनिक मरण पावले, त्यांना ठिकठिकाणच्या दफनभूमींत मूठमाती मिळाली. पुढे छावण्या उठल्या, पलटणी मायदेशी परतल्या. गावच्या माणसाच्या थडग्यावरचे गवत काढण्यास कोणी तरी आप्त येतोच. परमुलखातील शिपायास तेथे आप्त कोठला? म्हणून ज्यांची कायमची निगा राखणे शक्य दिसेना, ती थडगी खडकीस आणण्यात आली. त्या महायुद्धातील १,६६८ सैनिक येथे विसावले आहेत.

शिवडीची हकीकत याहून जुनी. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेचे मुख्य बंदर मुंबई होते. जखमी आणि तापाने खंगलेल्या सैनिकांना घेऊन रुग्णनौका तेथेच लागत. मुंबईत निधन पावलेल्या कित्येकांना शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत नागरिकांच्या शेजारी जागा मिळाली. जून १९६२ मध्ये अशा ६२९ जणांचे अवशेष खडकीस हलविण्यात आले. तेथील १९१४-१८ च्या स्मारकावर १,८०० हून अधिक नावे आहेत, त्यांत यांचीही आहेत. उरलेले भारतातील व पाकिस्तानातील जुन्या दफनभूमींतच आहेत. त्यांचे केवळ नाव खडकीत आले. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात वारलेल्या सुमारे २०० पूर्व व पश्चिम आफ्रिकी सैनिकांचेही येथे स्मरण केले आहे.

ही व्यवस्था १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाकडे आहे. हुद्दा, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही, हे त्याचे मूळ तत्त्व. तत्त्व उदात्त खरे, परंतु आचरण नेहमीच तसे घडले नाही. पहिल्या महायुद्धातील हजारो आशियाई व आफ्रिकी सैनिकांचे स्मरण असमान रीतीने झाले, कित्येकांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत, हे आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये मान्य केले आणि क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, हे बरे झाले.

हिंदू शिपायाचे दहन होई. त्याला थडगे नसे. त्याची खूण म्हणजे एखाद्या स्मारकावरील नावाची ओळ. आपल्या घराण्यातील कोणी त्या युद्धांत कामी आला असल्यास त्याचे नाव, पलटण व मृत्यूचे साल घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. तेवढ्या माहितीवर आयोगाच्या नोंदींत त्याचा शोध घेता येतो.