उद्याच्या जगाला आजचे मल्ल आठवतील काय?

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

२४ जुलै २०२५ रोजी हल्क होगन हा अमेरिकन मल्ल वारला. आमच्या जन्माआधीच त्याचा सुवर्णकाळ सरला होता. तरीही त्या रात्री आमच्या वसतिगृहात घरचे कुणी गेल्यासारखी हळहळ झाली. एका मित्राने तर जेवणाचे ताट तसेच बाजूला सारले. मग नेहमीप्रमाणे वादाला तोंड फुटले. एक म्हणाला, “पाचशे वर्षांनीही लोक याचे नाव घेतील.” दुसरा म्हणाला, “पन्नास वर्षे टिकले तरी पुष्कळ!” वाद रात्री बारापर्यंत रंगला आणि निकाल न लागताच दिवे मालवले गेले. तो अर्धवट राहिलेला वाद आज मी वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथमच कबूल करतो की, मीही याच पंथातला. लहानपणी आम्ही शाळेच्या ओट्यावर ज्या पत्त्यांनी खेळत असू, त्यांवर राजा-राणी नसत. अंडरटेकर, जॉन सीना आणि ग्रेट खली असत. कोणाची उंची किती, वजन किती, छाती किती, हे आम्हांला पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. खली म्हणजे हिमाचल प्रदेशातला दलीपसिंह राणा. २००७ साली तो तिकडचा जागतिक विजेता झाला, तेव्हा खानदेशातल्या खेड्यापाड्यांतही पोरांची कॉलर ताठ झाली होती!

आमच्या आबांना मात्र, म्हणजे माझ्या आजोबांना, हा सारा प्रकार मुळीच पसंत नव्हता. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांनी तरुणपणी आखाड्याची माती अंगाला लावलेली. दूरदर्शन संचापुढे आम्ही आरडाओरडा करू लागलो की ते एकच शब्द उच्चारीत : “खोटं!”

आबांचे म्हणणे अगदीच चूक नाही. या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो. १९८९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात खुद्द ती कंपनीच सांगून मोकळी झाली की, हा खेळ नसून करमणूक आहे. पण म्हणून या मल्लांना तुच्छ लेखणे मला पटत नाही. उंचावरून पडलेल्या माणसाची पाठ खरोखरच दुखते. तिथे नाटक चालत नाही. आणि ज्या दारासिंगचे नाव आबा आदराने घेतात, त्याच्या किंगकाँगबरोबरच्या लढतीही तिकीट लावून गर्दी खेचणाऱ्या व्यावसायिक कुस्त्याच होत्या. तेव्हा प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही. प्रश्न आहे तो स्मरणाचा.

माझ्या मित्राचा मुख्य मुद्दा असा की, आता सर्व काही चित्रफितीत साठवलेले आहे, तेव्हा विसरण्याची सोयच उरलेली नाही. वरवर पाहता हा मुद्दा बिनतोड वाटतो. पण साठवणे आणि आठवणे यांत महदंतर आहे. घरातल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतही पुष्कळ काही साठवलेले असते. म्हणून ते आपल्याला रोज आठवते काय? पेटी उघडणारा कुणीतरी लागतो. या परदेशी मल्लांची पेटी आज एक कंपनी रोज उघडते, कारण तीत तिचा पैसा आहे. त्यांची रिंगणातली नावेही बहुधा कंपनीनेच घडवलेली आणि नोंदवून घेतलेली असतात. अंडरटेकरच्या आईबापांनी त्याचे नाव मार्क कॅलवे ठेवले होते, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्या दिवशी धंद्याला नवे चेहरे पुरतील, त्या दिवशी जुनी पेटी बंद होईल. असो.

आता जरा मागे वळून पाहू. इजिप्तमधील बेनी हसन येथील थडग्यांच्या भिंतींवर सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मल्लांच्या शेकडो जोड्या रंगवलेल्या आहेत. पकड, टांग, उचल सारे स्पष्ट दिसते. आपल्या तालमीतला पोरगाही त्यांतले काही डाव ओळखील. पण त्या मल्लांची नावे? नाहीत. उलट ग्रीकांचा मिलो पाहा. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात त्याने ऑलिंपिकमध्ये सहा वेळा कुस्ती जिंकली. परंतु आज जग त्याला ओळखते ते एका वासराच्या गोष्टीमुळे. तो रोज वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासराचा बैल झाला तरी त्याने त्याला खाली ठेवले नाही, असे सांगतात. विजय मागे पडले, गोष्ट उरली. आपल्याकडेही चाणूर आणि जरासंध कुणाच्या लक्षात राहिले? कृष्णाच्या आणि भीमाच्या कथेत सापडले म्हणूनच ना! दारासिंगचेच पाहा. त्याने गाजवलेली मैदाने आज थोड्यांनाच माहीत आहेत; पण १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतला त्याचा हनुमान घरोघरी ठाऊक आहे. आणि गामा? तो १९६० साली लाहोरला वारला, पण “स्वतःला गामा समजतोस काय?” असे आपण अजूनही म्हणतो. तो बोलीत जाऊन बसला, म्हणून वाचला.

एवढे बोलल्यावर मला वाटले की, आपणच आपली परीक्षा घ्यावी. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून दिला जातो. १९६२ चे अधिवेशन आपल्या धुळ्याला झाले आणि १९६६ चे जळगावला. मी वसतिगृहात खोलीखोलीतून विचारीत फिरलो : “धुळ्याला कोण जिंकला? जळगावला कोण जिंकला?” एकालाही सांगता आले नाही. भगवान मोरे आणि दीनानाथसिंह ही उत्तरे मलाही आधी ठाऊक नव्हती, हे सांगायला लाज वाटते. ही फार जुनी गोष्ट झाली म्हणावे, तर २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झालेली प्रतीक्षा बागडी हिचे नावही कुणाच्या ओठांवर येईना! त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन ठिकाणी दोन स्पर्धा होऊन फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे असे दोन महाराष्ट्र केसरी झाले. एकच नाव न आठवणारे आपण, दोन कशी आठवणार?

आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे ही गदा जिंकली. पुढे पोलीस दलात अधिकारी झाल्यावर २०२३ मध्ये कॅनडात भरलेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदकही मिळवले. आज त्यांचे नाव जळगाव जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. पण १९६२ साली धुळ्यात भगवान मोरे यांचे नावही असेच सर्वांना माहीत नसेल काय?

खाशाबा जाधवांची कहाणी तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पुढे? १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला तोपर्यंत सरकारचा कोणताही मोठा क्रीडासन्मान त्यांना लाभला नव्हता. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा बहात्तर वर्षांपूर्वीच्या खाशाबांचे नाव वर्तमानपत्रांत पुन्हा झळकले. म्हणजे ऑलिंपिक पदक मिळवूनही आठवण राहण्यासाठी कुणीतरी नाव काढावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा हा सगळा वाद मी आबांना सांगितला. १९६६ च्या जळगावच्या कुस्त्या त्यांनी विशीत असताना डोळ्यांनी पाहिलेल्या. दीनानाथसिंहांचे नाव त्यांनी चटकन सांगितले. मग म्हणाले की, त्याहून देखणी कुस्ती आपल्याच गावच्या यात्रेत झाली होती. एरंडोलकडचा एक मल्ल आला होता. नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत त्याच्यापुढे कुणी टिकले नाही, आणि आबाही त्याच्याशी लढून चीत झाले होते. मी विचारले, “नाव काय त्याचं?” आबा बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “नाव भुली गऊ भो. पन त्याना डाव आजबी डोयासमोर शे.”

आणि ऐंशीच्या घरातले आबा उठले. त्यांनी माझा हात आपल्या बगलेत दाबला, दुसरा हात मानेवर टाकला, कमरेचा एक हिसका दिला आणि मी बाजेवर उताणा! “ही ढाक,” ते म्हणाले. साठ वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक मल्लाचा डाव माझ्या अंगावर उतरला होता, परंतु त्याचे नाव मात्र बेनी हसनच्या मल्लांप्रमाणे कायमचे पुसले गेले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गावचा आखाडा आता कुठे आहे? त्या जागेवर खताचे गोदाम आहे. लहानपणापासून मी त्याच्यासमोरून जातो. तिथे माती होती हे मला कुणी सांगितले नाही, आणि मी कुणाला विचारलेही नाही. परदेशी मल्लांची छाती किती इंच, हे मात्र मला ठाऊक होते!

म्हणून माझे मत असे की, दूरच्या भविष्यात कोण आठवेल हे त्याच्या आजच्या प्रसिद्धीवर अवलंबून नसते. ज्याच्याविषयी सांगण्याचे ओझे कुणीतरी आपणहून उचलतो, तोच उरतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जळगावचेच आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या, त्यांच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. कुणी त्या टिपल्याच नसत्या तर? ज्यांचे नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे, त्या बहिणाबाई शेतातल्या वाऱ्याबरोबरच विरून गेल्या असत्या. धुळ्याचेही तेच. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ साली तिथेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदांसाठी एक माणूस एवढी पायपीट करू शकतो. मग जिवंत माणसांसाठी आपण शेजारच्या गल्लीपर्यंतही जाऊ नये काय?

तेव्हा हल्क होगनला पाचशे वर्षांनी कोण ओळखील, याची चिंता आपण करण्याचे कारण नाही. ती त्याच्या देशातल्या लोकांनी करावी. आपली चिंता अधिक जवळची आणि अधिक तातडीची आहे. ज्यांनी जुने आखाडे पाहिले ते आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. माझी आपल्या जिमखान्याला आणि इतिहास विभागाला नम्र विनंती आहे की, सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या जुन्या मल्लांची नावे, त्यांचे वस्ताद, त्यांचे डाव आणि आखाड्याची जागा एका वहीत लिहून आणावी. खर्च एका वहीचा. निवडक भाग पुढच्या वर्षीच्या याच अंकात छापता येईल.

मी सुरुवात केली आहे. आबांकडून सतरा नावे मिळाली. त्यांतल्या पाचांची आडनावे त्यांना आठवत नाहीत. शेवटच्या ओळीत आबांचे स्वतःचे नाव लिहिले आहे. आणि एक ओळ अजून कोरी आहे. साठ वर्षांपूर्वी पारोळ्याच्या बाजूला यात्रेत येऊन ढाकेवर मैदान मारणारा तो एरंडोलकडचा मल्ल कोण, हे कुणा वाचकाच्या घरी ठाऊक असेल, तर त्याने मला अवश्य कळवावे. आबा वाट पाहत आहेत.